आचारी पीत नाही

कडुबा म्हस्क्यानं मला आयुष्यात एकदाच चांगलं म्हटलं, आणि तेही वांगी चिरण्याबद्दल. "सर, आता वांगी तरी वांग्यावानी दिसू राहिली," असं तो म्हणाला होता. तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवून, दोन क्रमिक पुस्तकं लिहून आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊनही मला जो आनंद झाला नव्हता तो त्या दिवशी झाला. घरी जाऊन मी तो वसुधेला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितला. ती म्हणाली, "बरं झालं, तीस वर्षांनी एक तरी काम आलं." आमच्या घरात कौतुक करायची हीच पद्धत आहे.

कडुबा आता आमच्यात नाही, असं मी सांगतो तेव्हा लोक चेहरा पाडतात. चेहरा पाडायचं कारण नाही. तो फक्त दुसऱ्या गावी, कन्नडला, राहतो. पण तो होता तेव्हा ज्याला ज्याला त्याचा त्रास झाला ते सगळे आता दर गुरुवारी त्याची आठवण काढतात, म्हणून म्हटलं लिहून ठेवावं.

तो लग्नाकार्यातला आचारी. पन्नाशीचा, काटक, खांद्यावर पंचा, आणि भट्टीच्या झळीनं डाव्या बाजूची मिशी उजवीपेक्षा कायमची आखूड. आमच्या भागात मूल जगावं म्हणून त्याला असं कडवट नाव ठेवतात. याच्या बाबतीत आईनं पुढचाही विचार केला असावा, कारण त्या जिभेला दुसरं कुठलं नाव शोभलं नसतं. आचारी असून तो कधी पदार्थ चाखून पाहत नसे. पातेल्यावर वाकायचा, वास घ्यायचा, आणि मीठ किती कमी आहे ते सांगायचा. "जिभंनं लई वर्षं दगा दिला. आता तिला काय इचारायचं नाय," असं त्याचं म्हणणं.

आमची ओळख झाली ती बालवाडीत. पडेगावच्या रस्त्याला एक शाळा आहे, तिच्या बालवाडीच्या वर्गात दर गुरुवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांची बैठक भरते. मोठ्या वर्गांना कुलूप असतं. बालवाडीत चोरण्यासारखं काही नाही, म्हणून ती आम्हाला. त्यामुळे पन्नाशी-साठीचे, एकेकाळी गल्ल्या दणाणून सोडणारे पुरुष लाल-पिवळ्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसतात आणि भिंतीवरचा हत्ती त्यांच्याकडे बघतो. मला पहिल्या दिवशी हे सगळं फारच अपमानास्पद वाटलं. मी काही दारुडा नव्हतो. मी संध्याकाळी दोन पेग घेत असे. दोनाचे पाच कधी झाले, हे मात्र इतिहासाच्या प्राध्यापकाला सनावळीसकट सांगता येत नव्हतं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी एका सकाळी मी एकाच तासाला दोनदा हजेरी घेतली, आणि वर्गातलं एकही पोरगं हसलं नाही. त्यांना सवय झाली होती. ते कुणीतरी वसुधेच्या कानावर घातलं, आणि वसुधेनं मला त्या बुटक्या खुर्चीवर आणून बसवलं.

तिथं प्रत्येकानं नाव सांगून "मी दारुडा आहे" म्हणायचं असतं. माझी पाळी आली तेव्हा मी घसा साफ केला. माझी गोष्ट जरा निराळी आहे, मी अधूनमधून घेणारा आहे, केवळ पत्नीच्या समाधानासाठी आलो आहे, असं चांगल्या प्रमाण मराठीत सांगितलं. कोपऱ्यातून आवाज आला.

"सर, हितं अधूनमधूनवाल्यांची बैठक नाय. ती क्रांती चौकात परमिट रूममधी भरती. रिक्षा मिळंल आजून."

मी उठलोच. शेजारी सलीमभाई बसले होते. रिक्षावाले, पासष्टीचे, दाढीला मेंदी. त्यांनी माझा हात धरला. "बैठो सर, बैठो. इनका ऐसाइच है. मेरेकू पैले दिन बोले, चाचा तुम घर जाके मरो, यहाँ कुर्सियाँ कम हैं."

"मग तुम्ही काय केलं?"

"जिद में रुक गया. दो साल हो गए."

मीही जिद्दीनं थांबलो. बैठकीतले निम्मे लोक कडुबाला खोटं पाडण्यासाठीच दारू सोडून बसले होते, हे मला नंतर कळलं.

स्वतःची गोष्ट तो जेवणाच्या यादीसारखी सांगायचा. आवाज चढवणं नाही, डोळे पुसणं नाही. "कन्नडला, सासुरवाडीला लगन. माझ्या धाकट्या मेव्हणीचं. पाचशे पान. वरण करपलं, तेल थंड, पुऱ्या लाटून वाळल्या. आचारी भट्टीपाशी राखंत तोंड घालून घोरू राहिला. माझ्या सासऱ्यानं, तात्यानं, आख्ख्या पंगतीपुढं हात जोडले. मला ते दिसलं नाय, म्या झोपलेलो. मला लोकांनी सांगितलं. लई लोकांनी सांगितलं." एवढं बोलून तो खाली बसायचा. पुढचं आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या दिवसापासून तात्या गावातल्या एकाही पंगतीला बसले नव्हते. बायको सिंधू त्या मांडवातून परत नवऱ्याबरोबर आलीच नाही, बापाजवळ राहिली. लेकरू नव्हतं. "ते बरंच झालं," असं कडुबा म्हणायचा, आणि म्हणताना दुसरीकडे बघायचा. त्यानंतरही दोन वर्षं तो पीत होता. मग बहिणीनं धरून व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन टाकला, तिथून तो सुटला तो थेट बालवाडीत.

सिंधू परत आली नव्हती, पण ज्या दिवशी तो केंद्रातून बाहेर पडला त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी सातला फोन करत होती. सातला, कारण पिणाऱ्याच्या घशाला सात बरोबर कळतात. बैठक चालू असली तरी कडुबा फोन उचलायचा.

"काय चाललंय?"

"चाललंय."

फोन बंद. आमच्या घरी एवढ्या वेळात "ऐकलं का" सुद्धा पुरतं होत नाही. मी एकदा म्हणालो, "कडुबाभाऊ, चार शब्द जास्त बोला की." तो म्हणाला, "चार शब्दांत तिला वास येत नाय का सर? जास्त बोललं तर वाटंल, झाकू राहिला काहीतरी." मला पटलं, कारण मी पिऊन यायचो तेव्हा नेहमी फार छान बोलत असे.

त्याचे जुने मदतनीस सगळे पिणारे. त्यांच्यासोबत काम करणं म्हणजे रोज संध्याकाळी सुरुंगावर बसणं. मग त्यानं आमच्यातूनच माणसं उभी केली. ज्यांना घरच्यांनी चहाचं आधण ठेवायला सांगितलं नसतं असे आम्ही, शहरातल्या लग्नांचा स्वयंपाक करू लागलो. त्याची एक चढती पायरी होती, आणि ती विद्यापीठाच्या कुठल्याही नियमावलीपेक्षा कडक होती. नवा माणूस आला की पहिले तीन महिने फक्त लसूण सोलायचा. हात थरथरत असले तरी लसूण कुणाचं काही वाकडं करत नाही. मग कोथिंबीर निवडणं. मग सुरी. आणि सगळ्यात शेवटी भट्टी. भट्टीपर्यंत पोहोचलेले सलीमभाई एकटेच. कॉलेजात मला प्राध्यापक व्हायला वीस वर्षं लागली, आणि इथं सुरीपर्यंत पोहोचायला सात महिने. दुसऱ्या बढतीला पेढे मी स्वतःहून वाटले.

लसूण सोलताना तो आमच्याकडून कबुलीजबाब काढत नसे, उपदेश करत नसे. फक्त मधून मधून येऊन गड्ड्यांकडे बघायचा. "सर, साल काढायचं. लसूण नाय काढायचा." एवढ्यानं दिवस निघून जायचा. तो दिवस निघून जाणं म्हणजेच सगळं काही, हे मला पुष्कळ उशिरा समजलं.

धंद्याची अडचण मात्र वेगळीच झाली. आपल्याकडे आचारी किराण्याची यादी देतो, आणि त्या यादीत न लिहिलेली एक वस्तू प्रत्येक यजमानाला ठाऊक असते: आचाऱ्याची बाटली. तेल, बेसन, गूळ यांच्याबरोबर ती येतेच. मुहूर्ताइतकंच तिचं महत्त्व. कडुबानं दारू सोडल्यावर यादीच्या तळाशी एक ओळ लिहायला सुरुवात केली: "आचारी पीत नाही." कुणालाही वाटेल की लोक आनंदतील. लोक घाबरले. पिणारा आचारी कसा असतो हे सगळ्यांना माहीत असतं. तो कधी पडणार, कुठं पडणार, कुणी उचलायचा, याची आधीच योजना असते. न पिणाऱ्याचा भरवसा काय? पडेगावच्या एका यजमानानं तर यादी वाचून विचारलं, "मग घेता काय तुम्ही? गांजा?"

"नाय."

"तब्येत बरी नाही?"

"बरी हाये."

"मग तेल चोरता का?"

कडुबा शांतपणे म्हणाला, "साहेब, तेल प्यायची सवय आजून लागली नाय. लागली की यादीत लिहीन." त्या यजमानानं तेलाच्या डब्यांपाशी आपला साडू खुर्ची टाकून बसवला. साडू दुपारपर्यंत नीट बसला, मग आचाऱ्यासाठी आणून ठेवलेली बाटली वाया जाऊ नये म्हणून ती त्यानंच संपवली, आणि डब्यांना टेकून झोपला. कडुबानं त्याच्या अंगावर आपला पंचा टाकला आणि पुऱ्या तळायला घेतल्या. पहिल्या वर्षी अशी कामंही फार आली नाहीत. पण यादीतली ती ओळ त्यानं कधी गाळली नाही.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला. पण बैठकीत सगळं सांगायचं असतं, आणि ही सवय एकदा लागली की सुटत नाही. एका लग्नात, मला नुकतीच सुरी मिळाली होती तेव्हा, कोठीच्या खोलीत गुळाच्या ढेपेमागे आम्हाला एक चपटी बाटली सापडली. वर कागद नाही, आत पाण्यासारखं पांढरं. आम्ही तिघं-चौघं तिच्याभोवती उभे राहिलो. कुणी एक पाऊल पुढं जाईना. सलीमभाई म्हणाले, "हात नक्को लगाओ. कडुबाभाई को आने दो." पण कडुबा यजमानाकडे गेला होता, आणि मी तर आता सुरीवाला माणूस. मी फडक्यात ती बाटली धरली, तोंड फिरवलं, श्वास रोखला, आणि मोरीत रिकामी केली. वर तीन तांबे पाणी ओतलं. छाती चार बोटं फुगली माझी.

दहा मिनिटांनी नवरीची आजी आली. ऐंशीची असेल. "बाळांनो, गुळामागं माझी बाटली व्हती. काशीचं गंगाजल हाये त्यात. नवरीवर शिंपडायचंय."

कडुबा त्याच वेळी परत आला. त्यानं माझ्या हातातली रिकामी बाटली बघितली, मोरी बघितली, आणि मग मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "सर," तो हळूच म्हणाला, "तुमच्या सात पिढ्यांनी पळी-पळीनं जपलं, ते तुमी एका झटक्यात मोरीत घातलं. शिक्षण वाया जात नाय म्हनत्यात ते खरं हाये."

मला वाटलं, आता काहीतरी थाप मारून वेळ निभावून नेईल. इतिहासात मोठमोठ्यांनी तेच केलंय. पण कडुबा माझा दंड धरून आजीपुढं गेला आणि जसं झालं तसं सांगितलं. आम्ही कोण, इथं कसे, बाटली कशी सापडली, काय वाटलं, कुणी ओतली.

आजीनं ऐकून घेतलं. "आरं पण मंग वास तरी घ्यायचा. दारूचा वास काय लपतो व्हय?"

"वासालाच भेतो आजी आमी," कडुबा म्हणाला.

सगळ्या स्वयंपाकाचं मीठ वासावर ओळखणारा माणूस हे म्हणाला. आजीनं त्याच्या आखूड मिशीकडे बघितलं. मग म्हणाली, "माझा मालक बी आसा भेला आसता, तर आज नातीच्या मांडवात बसला आसता." तिनं बाटली त्याच्या हातात दिली. "जा, नळाचं भरून आन. म्या कोन्हाला सांगत नाय." कडुबानं बाटली तीनदा विसळली, नळाचं पाणी भरलं आणि दोन्ही हातांत धरून मांडवात नेऊन दिली. ते लग्न महापालिकेच्या पाण्यावर लागलं. जोडप्याचं अगदी उत्तम चाललंय असं ऐकतो.

त्यानंतर चार महिन्यांनी मी प्यायलो. चुलतभावाच्या घराची वास्तुशांत होती, मंडळी घरचीच होती, आणि आता एवढ्या दिवसांनी एक घेऊन काय होतंय, असं मला वाटलं. काय होतंय ते वसुधेनं पाहिलं. तिनं सकाळी कडुबाला फोन केला. मी अंथरुणात सबबी जुळवत पडलो होतो. कडुबा आला तो खांद्यावर लसणाचं अर्धं पोतं घेऊन. ते त्यानं आमच्या दिवाणखान्यात, वसुधेच्या नव्या सतरंजीवर उपडं केलं.

"कोन्ती व्हती?" त्यानं विचारलं.

"स्कॉच."

"मंग ठीक हाये. महागाची माफ आसती."

मी म्हणालो, "कडुबाभाऊ, माझं सगळं संपलं."

"सुरी संपली," तो म्हणाला. "परत लसूण. बसा."

आम्ही तिघं सतरंजीवर बसून लसूण सोलू लागलो. वसुधाही बसली, बैठकीच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती, पण त्या दिवशी पदर खोचून बसली. मला रडू येत होतं आणि लसणानं डोळ्यांना पाणी येत नाही, ही फार मोठी गैरसोय आहे. शेवटी मी तसाच रडलो. तासाभरानं कडुबा खाली बघतच म्हणाला, "मला बी रोज लागती सर. पाच वर्षं झाली तरी सातला लागती. तुमाला वाटलं आसंल, मी पार झालो. कोन्ही पार होत नाय." एवढं तो माझ्याशी सरळ कधी बोलला नव्हता. मला त्या माणसाबद्दल जी माया वाटली ती मला आजही शब्दांत धरता येत नाही, आणि त्याला कळलं असतं तर त्यानं तिचीही टिंगल केली असती.

त्या सकाळी वसुधेनं त्याच्याकडून सिंधूचा नंबर घेतला. मग दोघींचं बोलणं सुरू झालं, आणि ते काही "काय चाललंय, चाललंय" एवढ्यावर थांबणारं नव्हतं. एकदा सिंधू तिला म्हणाली, "वैनी, त्यांच्यावर माझा राग नाय राहिला. पण तात्यांनी हात जोडले तव्हा म्या शेजारी उभी व्हते. ते हात माझ्या डोळ्यापुढून जात नाय. तात्या ज्या दिवशी म्हनतील, त्या दिवशी यीन. त्याच्या आगूदर कशी येऊ?" वसुधेनं हे कडुबाला सांगितलं. तो म्हणाला, "बराबर हाये तिचं." आणि कणीक तिंबत राहिला. ज्यानं बोलायचं तो ऐंशी वर्षांचा म्हातारा जावयाचं नावही घेत नव्हता, आणि हा त्याला विनवायला जात नव्हता. "माफी मागायला जाऊ म्हनता? पाच वर्षं न पिता ऱ्हायलो ह्ये सांगायला? सर, न पिणं ही काय मेहेरबानी हाये का त्यांच्यावर?"

मग गेल्या उन्हाळ्यात सिंधूच्या भावाचा, गणेशचा, फोन आला. त्याच्या मुलीचं लग्न. "तात्या म्हनले, आचारी कडुबाच बोलवा. कामून, ते आमाला बी सांगितलं नाय." त्या गुरुवारी बालवाडीत खूप चर्चा झाली. सलीमभाईंचं मत पडलं की हा डाव आहे, गावासमोर बोलावून पाणउतारा करतील. "नक्को जाओ भाई. बुढ्ढे लोगाँ भूलते नहीं." कडुबा ऐकत होता. "करतील तर करतील," तो म्हणाला. "मी बी तर गावासमोरच केला व्हता." त्यानं यादी लिहायला घेतली आणि चारदा फाडली. इतक्या वर्षांत त्याला यादी लिहिताना अडखळलेला मी पाहिला नव्हता. शेवटची ओळ लिहून झाल्यावर त्यानं पेन मला दिला. "शुद्धलेखन बघा. तात्या वाचनारे हायेत."

लग्नाच्या दिवशी आम्ही पहाटेच टेम्पोत भांडी घालून कन्नडला पोहोचलो. भट्टी पेटवून होते ना होते तोच तात्या आले. पांढरी टोपी, हातात काठी. नमस्कार नाही, चमत्कार नाही. प्लास्टिकची खुर्ची भट्टीपासून चार हातांवर ठेवली, काठी दोन गुडघ्यांत उभी धरली, आणि जावयाच्या हातांकडे बघत बसले. तोंडाकडे नव्हे, हातांकडे. सहा वाजले, आठ वाजले, दहा वाजले. चहा आला, तो त्यांनी तिथंच घेतला. कडुबा बुंदी पाडत होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सबंध सकाळ कुणाला एकही टोमणा मारला नाही. मी वांगी वाकडी चिरली, तरी नाही. मला ते फार जड गेलं. एकदाच तो म्हणाला, "धूर लागंल तात्या. खुर्ची मागं घ्या जरा." तात्या हलले नाहीत.

गावातली माणसं येऊन डोकावून जात होती. पाचशे पानांची गोष्ट त्या गावात अजून ताजी होती. एक धोतरवाला पाहुणा जाता जाता मोठ्यानं म्हणाला, "काय आचारी, आज झोप नाय आली का?" चार जण हसले. सलीमभाईंच्या हातातला झारा तिथंच थांबला. कडुबानं वरणाचं झाकण काढलं, वाकून वास घेतला, आणि मीठ टाकलं. त्याचा हात मी बघत होतो. तात्याही बघत होते. हात हलला नाही.

सिंधूला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उंच, निळ्या काठाची साडी, कपाळावर घाम. हळदीचं ताट घेऊन ती दोनदा भट्टीजवळून गेली. दोन्ही वेळा तिनं बापाकडे बघितलं, नवऱ्याकडे नाही. पण दुसऱ्या वेळी तिची चाल जरा मंदावली होती.

एक वाजला. वरण झालं, भाजी झाली, पुऱ्यांचं तेल नीट तापलं होतं आणि पहिला घाणा निघाला होता. अक्षता पडल्या, मांडवात पानं मांडायला सुरुवात झाली. मी परात उचलायला वळलो तर कडुबानं एकदम हात वर करून मला थांबवलं. मला वाटलं, काही करपलं. त्यानं नुसती मान तात्यांकडे केली.

तात्या झोपले होते. हनुवटी छातीवर, टोपी कपाळावर घसरलेली, काठी मातीत पडलेली. सकाळी सहापासून राखण करणारा म्हातारा त्या भट्टीशेजारी, त्या माणसाच्या भरवशावर, तोंड उघडं टाकून घोरत होता.

कडुबानं सलीमभाईंना खूण केली. त्यांनी झारा न वाजवता कडेला ठेवला. आम्ही सगळे कुजबुजत काम करू लागलो. उन्हाचा पट्टा तात्यांच्या तोंडावर येत होता, तर कडुबानं मोकळी परात उचलून डब्यावर आडवी उभी केली आणि सावली धरली. मग परत तेलापाशी आला.

एवढ्यात सिंधू लगबगीनं आली. "तात्या, उठा, पानं वाढली. पहिल्या पंगतीला तुमी पायजे," असं म्हणत तिनं बापाच्या खांद्याकडे हात नेला.

"झोपू दे त्यांना," कडुबा म्हणाला. "म्या हाये ना."

बोलून गेल्यावर तो स्वतःच दचकला. असं म्हणायचा हक्क त्याला कितीतरी वर्षं नव्हता, आणि ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सिंधूचा हात तसाच हवेत राहिला. तिनं झोपलेल्या बापाकडे बघितलं, पुऱ्या फुगत होत्या त्या कढईकडे बघितलं, आणि मग पहिल्यांदाच नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. नंतर तिनं आमच्याकडची पुऱ्यांची टोपली कमरेवर घेतली आणि ती वाढायला मांडवात गेली. तात्यांना तिनं उठवलं नाही.